स्कॉटलंडमधल्या मराठी मतदारांना: सव्वीस अब्जांच्या आकड्याविषयी

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या माझ्या मराठी मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या गणपतीत आपल्या हॉलमध्ये आरती आटोपली, मोदकांचे डबे उघडले आणि चहाच्या थर्मासपाशी नेहमीचा वाद पेटला. ग्लासगोहून आलेले एक दादा म्हणाले, "हे स्कॉटिश लोक इंग्लंडच्या जिवावर जगतात. सव्वीस अब्ज पौंडांची तूट आहे. उद्या वेगळे झाले तर महिन्याभरात दिवाळं वाजेल." त्यावर एक वहिनी उसळल्या, "आणि तेल कुणाचं होतं? पन्नास वर्षं लंडननं ओरबाडलं, आता वर तोंड करून हिशेब मागता?" आवाज चढले. शेवटी कुणीतरी "अहो, बाप्पासमोर नको" म्हणून विषय मिटवला.

मी तिथंच कागदी ताटल्या गोळा करत होते. हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम. सव्वीस अब्जांचा तो तक्ता दोनच आठवड्यांपूर्वी मी ओळ न् ओळ वाचला होता, आणि तरी मी गप्प राहिले. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. दादांना आणि वहिनींना, दोघांनाही, आणि त्या दिवशी माझ्यासारख्याच गप्प बसलेल्या सगळ्यांना.

"आपण बाहेरचे, आपल्याला काय करायचंय" हे वाक्य आपल्यात फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. १८ सप्टेंबर २०१४ ला स्वातंत्र्यावर सार्वमत झालं तेव्हा इथं रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मताचा हक्क होता. माझ्या हातात भारतीय पासपोर्ट होता आणि मी मत देऊन आले. उलट एडिनबरात जन्मून पुढं लंडनला घर केलेल्या माणसाला त्या दिवशी मत नव्हतं. या देशानं आपल्यावर किती विश्वास टाकला होता, ते यावरून कळावं. त्या दिवशी ८४.६ टक्के लोकांनी मतदान केलं, ५५.३ टक्के 'नाही' म्हणाले, ४४.७ टक्के 'हो'.

मी 'हो' म्हटलं होतं.

तेव्हाच्या स्कॉटिश सरकारनं नोव्हेंबर २०१३ मध्ये स्वातंत्र्याची बाजू मांडणारी साडेसहाशेहून जास्त पानांची श्वेतपत्रिका काढली होती. मी ती मागवून घेतली. संस्कृतीची, संरक्षणाची पानं चाळली, पैशाची पानं मात्र पेन्सिल घेऊन वाचली. २०१६-१७ या वर्षात उत्तर समुद्रातल्या तेलावायूतून ६.८ ते ७.९ अब्ज पौंड महसूल येईल, असा अंदाज त्यात होता. तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलरच्या वर धरलेला. आम्ही राहतो अ‍ॅबर्डीनला. माझा नवरा तेव्हा तेलाच्या विहिरींना यंत्रसामग्री पुरवणाऱ्या एका कंपनीत होता. डाइसच्या विमानतळावरून दर थोड्या वेळानं हेलिकॉप्टर उठायची, बंदरात पुरवठ्याच्या बोटींना जागा पुरत नव्हती, घरभाडी लंडनशी स्पर्धा करायची. ११० डॉलर हा आकडा मला अंदाज वाटलाच नाही. खिडकीतून दिसणारी गोष्ट वाटली. मी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

सार्वमतानंतर सोळा महिन्यांत, जानेवारी २०१६ मध्ये, तेच पिंप ३० डॉलरच्या खाली आलं. २०१५-१६ सालासाठी स्कॉटलंडच्या वाट्याचा तेलमहसूल जाहीर झाला तो ६ कोटी पौंड. अब्ज नव्हे, कोटी. त्या वसंतात नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीच्या नावाशी मला काही देणंघेणं नाही, तेव्हा सगळ्यांच्याच गेल्या. तो संध्याकाळी घरी आला तेव्हा एका खोक्यात त्याचे लोखंडी टोकाचे बूट, हेल्मेट आणि मुलीनं केलेलं फादर्स डेचं कार्ड होतं. ते खोकं दोन वर्षं जिन्याखाली तसंच पडून होतं. आमच्या इमारतीतल्या तीन कुटुंबांनी त्या वर्षी घरं विकायला काढली, घेतल्या भावाला एकाचंही गेलं नाही.

'हो' म्हटल्याचा मला पश्चात्ताप नाही. एखाद्या देशानं आपला कारभार आपण करावा असं म्हणणं मला आजही रास्त वाटतं. मला सलतं ते दुसरंच. हिशेब हा माझा धंदा असून, "हा भाव पडला तर काय कराल?" हा साधा प्रश्न मी कुणालाही विचारला नाही. तुम्ही तो विचारावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता त्या सव्वीस अब्जांकडे येते. स्कॉटलंडचा महसूल आणि खर्च मांडणारा हा वार्षिक अहवाल, सगळे ज्याला जीईआरएस म्हणतात तो, बहुधा ऑगस्टमध्ये येतो. २०२५ मध्ये तो १३ ऑगस्टला आला. २०२४-२५ सालात स्कॉटलंडमधून गोळा झालेला महसूल ९१.४ अब्ज पौंड, त्यात तेलावायूचे ४.१ अब्ज. स्कॉटलंडसाठी झालेला खर्च ११७.६ अब्ज. फरक २६.२ अब्ज, म्हणजे इथल्या जीडीपीच्या ११.६ टक्के. संपूर्ण ब्रिटनची तूट त्याच वर्षी ५.१ टक्के होती.

वहिनी, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, "हे आकडे लंडननं बनवलेले असतात." तसं नाही. हा अहवाल एडिनबरातलं स्कॉटिश सरकारच काढतं, त्याच सरकारचे संख्याशास्त्रज्ञ तो तयार करतात, आणि तिथं स्वातंत्र्यवाद्यांचं सरकार असतानाही तो तसाच निघत आला आहे. तुमच्या संशयाला मूळ नाही असं मात्र मी म्हणणार नाही. १९९२ मध्ये हुजूर पक्षाचे स्कॉटलंडमंत्री इयन लँग यांनी तो सुरू केला, आणि विरोधकांच्या पायाखालची वाळू सरकवायला हे कामाला येईल असं त्यांनी पंतप्रधानांना लिहिलेलं पुढं बाहेर फुटलं. जन्म राजकारणातून झाला, खरं आहे. पण तेव्हापासून पद्धत कितीदा तरी सुधारली. काही रकमा, मूल्यवर्धित कर किंवा कंपन्यांचा कर, अजून सर्वेक्षणावरून अदमासानं धरतात. आयकराचं तसं नाही. तुमची पगाराची चिठ्ठी काढून बघा, कराच्या संकेतांकाआधी 'एस' हे अक्षर असेल. ते अक्षर म्हणजे हा माणूस स्कॉटलंडचा करदाता. तो कर अदमासाचा नाही, प्रत्यक्ष मोजलेला आहे. अदमासांत थोडंफार इकडंतिकडं होईल, सव्वीस अब्जांचं शून्य होणार नाही.

दादा, आता तुमच्याकडे वळते. ही तूट म्हणजे स्कॉटलंडनं काढलेलं कर्ज, असं तुम्ही बोलता. होलिरूडच्या, म्हणजे एडिनबरातल्या स्कॉटिश सरकारला एवढं कर्ज काढायची मुभाच नाही. त्याच्या हातातली कर्जाची मर्यादा अगदी छोटी आहे, आणि दरवर्षी त्याला आपला अर्थसंकल्प जुळवावाच लागतो. जीईआरएसमधल्या खर्चाच्या बाजूला ब्रिटनच्या संरक्षणाचा, राष्ट्रीय कर्जाच्या व्याजाचा आणि अशा कितीतरी गोष्टींचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात टाकलेला असतो, तो खर्च ठरवणारे लंडनचे. फासलेनच्या गोदीत अण्वस्त्रांच्या पाणबुड्या ठेवाव्यात की नाही हे एडिनबरा ठरवत नाही, पण त्यांच्या खर्चाचा हिस्सा या वहीत येतो. आजच्या व्यवस्थेत आजचे निर्णय घेतल्यावर वही कशी दिसते, तेवढं हा अहवाल दाखवतो. वेगळ्या देशाची वही वेगळी असेल.

किती वेगळी? माझ्या मते सगळा वाद इथं यायला हवा, आणि तो इथपर्यंत कधी येतच नाही.

एका रविवारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाठकोऱ्या कागदावर हे मांडलं. तुम्हीही मांडून बघा. २०२४-२५ सालात स्कॉटलंडमध्ये माणशी सरकारी खर्च ब्रिटनच्या सरासरीपेक्षा २,६६९ पौंडांनी जास्त होता. लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या थोडी वर. गुणाकार केला की साडेचौदा-पावणेपंधरा अब्ज येतात. दुसऱ्या बाजूला ब्रिटनची ५.१ टक्के तूट स्कॉटलंडच्या जीडीपीला लावली तर साडेअकरा अब्जांच्या आसपास जाते. दोन्हींची बेरीज जवळजवळ सव्वीस. म्हणजे या तुटीचा बराच मोठा हिस्सा ब्रिटन स्वतः जशी उधारीवर चालतो तशातलाच आहे. उरलेली तूट येते ती जास्तीच्या खर्चातून, कमी करातून नव्हे. तेल धरून माणशी महसूल ब्रिटनच्या सरासरीच्या आसपास येतो. इथले लोक आयतं खातात, कर भरत नाहीत, हे म्हणणं या तक्त्यात कुठंही बसत नाही.

मग हा जास्तीचा खर्च जातो कुठं? दोन वर्षांपूर्वी आम्ही शेटलंडला गेलो. अ‍ॅबर्डीनहून संध्याकाळी सातला बोट सुटली ती सकाळी साडेसातला लेर्विकला लागली. रात्रभर समुद्रानं पोटातलं पाणी हलवलं. त्याच बोटीत एक आजी होत्या, अ‍ॅबर्डीनच्या रुग्णालयात डोळा दाखवून परत निघालेल्या. बेटावर उतरल्यावर एक शाळा पाहिली, मुलं आमच्या अमरावतीच्या एका तुकडीच्या निम्मीही नसतील, पण शिक्षक पूर्ण, वर्गात हीटर चालू. विरळ वस्तीचा, बेटांचा, डोंगरांचा मुलूख चालवायला माणशी पैसा जास्त लागणारच. त्यात भर म्हणून इथं औषधाच्या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत, इथल्या मुलांना विद्यापीठाची फी नाही, म्हाताऱ्यांच्या घरच्या शुश्रूषेचा भार सरकारवर आहे. आणखी एक बारीक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडे आहे, इथं तो अजून सरकारी आहे, म्हणून पाण्यावरचा खर्च इथल्या सरकारी वहीत दिसतो, तिथल्या दिसत नाही.

हे सगळं चालतं कसं, तर बार्नेट सूत्रावर. १९७८ च्या सुमारास लेबर सरकारमधले अर्थखात्याचे मंत्री जोएल बार्नेट यांनी तात्पुरती सोय म्हणून ते बसवलं. इंग्लंडमध्ये आरोग्यावर किंवा शिक्षणावर खर्च वाढला की त्या वाढीचा, लोकसंख्येच्या प्रमाणातला हिस्सा स्कॉटलंडला आपोआप मिळतो. गरज किती हे त्यात पाहतच नाहीत. पुढं बार्नेटसाहेबांनी स्वतःच हे सूत्र बदला म्हणून सांगितलं. सार्वमताच्या दोन दिवस आधी तिन्ही ब्रिटिश पक्षांच्या नेत्यांनी मात्र ते राखायचं वचन वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून दिलं.

आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला इथं एक सवय आड येते, असं मला वाटतं. आपण कायम देणाऱ्याच्या बाजूनं विचार करतो. मुंबई एवढा कर भरते आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या वाटपात महाराष्ट्राच्या पदरात ६.३१७ टक्के पडले, हे आपल्याला पाठ असतं. म्हणून लंडनचं दुखणं आपल्याला चटकन समजतं. पण मी अमरावतीची. "विदर्भ वेगळा झाला तर स्वतःच्या पायावर उभा राहील का" हा प्रश्न मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले, आणि "तुम्हाला पोसतो कोण" हेही पुण्यात शिकताना ऐकलं. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेषाचे आकडे मांडले. घरी वडील तेच आकडे दाखवून सांगायचे, तूट आहे हे खरं, पण ती का पडली तेही विचारा. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे प्रदेशवार आकडे बघितले तर लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या आसपासचा पट्टा शिलकीत आहे, बाकी बहुतेक सगळा देश तुटीत. वेल्स आणि उत्तर आयर्लंड तर फारच. तीनशे वर्षं एका छत्राखाली राहून पैसा एकाच कोपऱ्यात साठत असेल, तर एकत्र राहा म्हणणाऱ्यांनी त्याचा जाब द्यायला नको का? दादा, तुमच्या बाजूनं हा प्रश्न कुणी विचारताना मी अजून ऐकलं नाही.

तेलाबद्दलची वहिनींची तळमळ खोटी नाही. १९७४ मध्ये स्कॉटिश कार्यालयातले अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी सरकारला एक टिपण लिहून दिलं होतं. तेलाच्या जोरावर स्वतंत्र स्कॉटलंडच्या तिजोरीत अवघड वाटावी एवढी शिल्लक पडेल आणि त्याचं चलन युरोपात भक्कम ठरेल, असा त्याचा आशय. ते टिपण तीस वर्षं दडवून ठेवलं आणि २००५ मध्ये माहितीच्या अधिकारानं बाहेर आलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर उत्तर समुद्राचा महसूल शिगेला होता. समोरच्या किनाऱ्यावर नॉर्वेनं १९९० मध्ये कायदा करून निधी उभारला, लंडननं आलेला पैसा चालू खर्चात घातला. २०११-१२ सालापर्यंतसुद्धा स्कॉटलंडची तूट जीडीपीच्या ५ टक्के आणि ब्रिटनची ७.९ होती, म्हणजे इथली वही तिकडच्यापेक्षा बरी होती. ते साल हाताशी धरूनच २०१४ चा प्रचार झाला. हे सारं खरं आहे, आणि यातला एक पौंडही परत येणार नाही. आता समुद्रातलं उत्पादन उतरणीला लागलं आहे, ग्रेंजमाउथच्या कारखान्यात एप्रिल २०२५ पासून कच्चं तेल शुद्ध होत नाही, आणि आमच्या गल्लीतली मुलं समुद्रावर जायच्या ऐवजी पवनचक्क्यांची कामं शोधताहेत. वहिनी, झालेल्या अन्यायावर पुढच्या वर्षीचं पेन्शन देता येत नाही.

आणि पेन्शनवरून आठवलं. आपण इथं दर महिन्याला नॅशनल इन्शुरन्स भरतो. आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं की भविष्य निर्वाह निधीसारखं आपल्या नावावर कुठंतरी ते साठतं आहे. साठत नाही. आज काम करणाऱ्यांच्या पैशातून आजच्या म्हाताऱ्यांना देतात. म्हणून "आम्ही भरलंय, लंडन देईल" असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. वेगळ्या देशाला ते पेन्शन त्याच्या चालू महसुलातून द्यावं लागेल, किंवा वाटाघाटीत काही वेगळं ठरवून घ्यावं लागेल.

चलनाचं प्रकरण मला सगळ्यात गंभीर वाटतं. खिशातली स्कॉटिश नोट काढून बघा. ती बँक ऑफ इंग्लंडनं छापलेली नसते, इथल्या तीन व्यापारी बँका त्या छापतात. लंडनच्या एखाद्या दुकानदारानं ती उलटीपालटी करून परत दिल्याचा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. पण त्या नोटेमागं सोय केलेली आहे. छापलेल्या नोटांच्या बदल्यात तेवढी मालमत्ता बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवावी लागते, त्यासाठी तिथं दहा लाखांची 'जायंट' आणि दहा कोटींची 'टायटन' अशा नोटा आहेत, ज्या कधीच बाजारात येत नाहीत. आपली स्कॉटिश नोट पौंडाच्या पाठबळावर उभी आहे. ते पाठबळ काढलं तर काय, हा प्रश्न २०१४ मध्ये 'नाही'च्या मोहिमेचे प्रमुख अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी स्कॉटिश सरकारचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅलेक्स सॅमंड यांना टीव्हीवरच्या चर्चेत पुन्हा पुन्हा विचारला आणि त्याला सरळ उत्तर मिळालं नाही. त्याआधी फेब्रुवारीत अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न एडिनबराला येऊन, वेगळे झालात तर पौंडात भागीदारी नाही, असं सांगून गेले होते.

तेव्हापासून स्वातंत्र्यवाद्यांनी उत्तर तीनदा बदललं. आधी पौंडात रीतसर भागीदारी. मग २०१८ मध्ये स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीनं नेमलेल्या, अँड्र्यू विल्सन यांच्या ग्रोथ कमिशननं सांगितलं, लंडनची परवानगी नसली तरी काही वर्षं पौंडच वापरू, आणि तूट पाच ते दहा वर्षांत ३ टक्क्यांच्या खाली आणू. २०१९ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात ठरलं की नवं चलन जमेल तितक्या लवकर आणायचं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये निकोला स्टर्जन यांच्या सरकारनं स्कॉटिश पौंडाचा आराखडा मांडला, सोबत तेलाच्या उरल्यासुरल्या पैशातून आणि कर्जातून पहिल्या दहा वर्षांत २० अब्जांचा निधी खर्चायची कल्पनाही. मत बदलणं गुन्हा नाही. पण ११.६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर यायचं म्हणजे आजच्या भावानं वर्षाला १९-२० अब्ज वाचवायचे किंवा जादा मिळवायचे. हे आकड्यांचं वजन कुणी बोलून दाखवत नाही. आपण इथं आधीच जादा आयकर भरतो. पन्नास हजार पगार असलेल्याला इंग्लंडपेक्षा वर्षाला सुमारे दीड हजार पौंड जास्त पडतात, ४३,६६२ च्या वर गेलात की ४२ टक्क्यांचा टप्पा सुरू होतो. इतकं करून ही वाढ जेमतेम एक-दोन अब्जांची. उरलेले कुठून आणायचे? कुठली सवलत बंद होणार, संरक्षणात किती वाचणार, पवनऊर्जेतून कुठल्या साली किती येणार?

देश वेगळे होतात आणि त्यातून तरतातही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा आपली रिझर्व्ह बँकच जून १९४८ अखेरपर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती, आपल्याच नोटांवर 'पाकिस्तान सरकार' छापून त्या तिकडं चालत. तिजोरीतल्या शिलकीपैकी ७५ कोटी पाकिस्तानला द्यायचे ठरले, त्यातल्या ५५ कोटींवरून काय वादळ उठलं ते मराठी माणसाला सांगायला नको. चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला शांतपणे दुभंगला. चलन एकच ठेवायचं ठरलं होतं, पण ८ फेब्रुवारीला ते मोडलं, जुन्या नोटांवर तिकिटं चिकटवून दोन चलनं झाली. दोन्ही देश आज सुस्थितीत आहेत. आयर्लंडनं १९२२ पासून स्वतंत्र होऊनही आपला पौंड इंग्रजी पौंडाच्या बरोबरीला १९७९ पर्यंत बांधून ठेवला, आणि ब्रिटिश कर्जाचा हिस्सा त्याला द्यायचा होता तो १९२५ च्या करारात सोडून दिला गेला. तेव्हा दादा, दिवाळं वाजेलच हे खरं नाही. वहिनी, सगळं आपोआप सुरळीत होईल हेही खरं नाही. आयर्लंडला कित्येक दशकं हलाखीची गेली, त्यांची मुलं बोटी भरभरून परदेशी गेली. कर्जाचं तर इथंही आधीच एक सांगून ठेवलेलं आहे: जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्यानं जाहीर केलं की काहीही झालं तरी आजवरच्या सगळ्या रोख्यांची जबाबदारी ब्रिटन घेईल. स्कॉटलंडनं आपला वाटा किती आणि कसा द्यायचा, ते मग वाटाघाटीच्या टेबलावर ठरेल. तिथं काय मागणार आणि काय सोडणार, हे आजच विचारायला हवं.

आपल्यातल्या बहुतेकांचं घराचं कर्ज पौंडांत आहे. पगार उद्या स्कॉटिश पौंडांत झाला आणि हप्ता इंग्रजी पौंडांत राहिला तर काय होईल? गावी आईवडिलांना पैसे पाठवताना रुपयाचा कुठला भाव धरायचा? हे प्रश्न स्वार्थी वाटतील, पण घरचे प्रश्न विचारायलाच मतदार लागतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २३ नोव्हेंबर २०२२ ला निकाल दिला आहे की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेच्या संमतीशिवाय होलिरूडला सार्वमत घेता येणार नाही. म्हणजे उद्या लगेच मतपेटी येणार नाही. वेळ आहे. रान पेटलेलं नसताना बसून वाचायला जमतं, २०१४ च्या सप्टेंबरमध्ये जमत नव्हतं, तेव्हा प्रत्येक दारावर कसलातरी कागद चिकटवलेला होता.

माझं मागणं एवढंच आहे. होलिरूडच्या निवडणुकांना आपल्या दारी कुठल्याही पक्षाचा माणूस आला की त्याला हातात चहा द्या आणि हे विचारा. स्वातंत्र्य हवं म्हणणाऱ्याला: पहिल्या पाच वर्षांत कुठला कर किती वाढेल, कुठला खर्च किती कमी होईल, चलन कधी बदलेल आणि माझ्या घराच्या कर्जाचं काय? नको म्हणणाऱ्याला: ही तूट तुमच्याच व्यवस्थेत दरवर्षी पडते, ती भरून काढायची तुमची योजना काय, आणि उद्या लंडननं बार्नेट सूत्र मोडलं तर इथल्या शाळांचं, रुग्णालयांचं काय? उत्तर लिहून घ्या. "बघू" आलं तर "बघू" लिहा.

दादा, वहिनी, पुढचा अहवाल आला की त्याचे पहिले तीन तक्ते मी मराठीत करून, त्याच्या तीस प्रती काढून गणपतीला आणीन. आरती, प्रसाद, मुलांची गाणी सगळं होऊ दे. मग चहा घेऊन मागच्या टेबलाशी बसू. येताना पगाराची चिठ्ठी तेवढी सोबत आणा, 'एस' कुठं असतो ते आधी दाखवते.

तुमचीच,
अ‍ॅबर्डीनमधली एक अमरावतीकर